कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही साधनाने

त्या बोर्डावरचं इंग्रजी माझं आहे. खालचं हिंदी दुसऱ्या कुणीतरी केलंय आणि वाईट केलंय, पण इंग्रजी शब्दन् शब्द माझं. निळा पत्रा, पांढरी अक्षरं, नऊ नियम. नदीकाठी शिसमाच्या झाडाखाली दोन लोखंडी खांबांवर तो बोर्ड उभा आहे, आणि त्याच्यामागे वीस पावलांवर तो खडक आहे, ज्यावर माझे बाबा गळ टाकून बसायचे. बसायचे! आता बसत नाहीत, कारण त्यांना बसू देत नाहीत. आणि हा बंदोबस्त मी स्वतःच्या हाताने करून दिलाय. फुकट. वर समोरच्याने पाठ थोपटली तेव्हा खूश होऊन.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बोर्ड लावणाऱ्यांवर मी गेले कित्येक महिने चिडतोच आहे, पण दाढी करताना आरशात जो माणूस दिसतो त्याच्यावर काढलेला राग काही केल्या संपत नाही.

मी केंद्र सरकारात आहे. सत्तावीस वर्षं झाली दिल्लीत, आणि एवढ्या वर्षांत काय केलंस असं कुणी विचारलं तर उत्तर एकच: लिहिलं. कविताबिविता नव्हे. नियम, परिपत्रकं, टिपणं. आमच्या मजल्यावर कुणाचा मसुदा अडला की तो फिरत फिरत माझ्या टेबलावर येतो. 'आपका ड्राफ्ट कोर्ट में भी नहीं टूटता,' असं एक साहेब म्हणाले होते. ते मी घरी येऊन बायकोला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, 'पहिल्यांदा सांगितलंत तेव्हाच ऐकलं मी.'

हे सगळं शिकवलं बाबांनी. ते तालुक्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मला शाळेसाठी आजारपणाचा अर्ज लिहायचा असला तरी तीनदा लिहायला लावायचे, आणि हातात तांबडी पेन्सिल. 'जाळ्याला भोकं असावीत, नियमाला असू नयेत,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. खाडीकाठचा माणूस, त्याला कचेरीतही मासेच आठवायचे.

चार वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना कोकणातून लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या क्वार्टरमध्ये घेऊन आलो. विचारून नाही. 'एकटे कसे राहणार, चला,' म्हटलं आणि आणलं. पहिले आठ-नऊ महिने ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसून होते. हिंदी येत नाही असं नाही, पण बोलायला लाजतात. खाली बागेत ओडिशाचे, केरळचे, बिहारचे असे पाच-सात म्हातारे बसतात. कुणाचे ना कुणाचे वडील, प्रत्येकाचा बाक वेगळा आणि सगळे गप्प. संध्याकाळी मी विचारायचो, 'बाबा, आज काय केलंत?' ते म्हणायचे, 'बसलो.' त्या 'बसलो'चा मला इतका संताप यायचा की चहा अर्धा टाकून मी उठायचो.

मग ऑफिसातल्या एका हरियाणवी सहकाऱ्याने ती नदी सांगितली. पानिपत सोडून बरंच पुढे, डोंगर दिसायला लागतात तिथे. मत्स्यखात्याची साधी चिठ्ठी काढली की काठी घेऊन बसता येतं, तो म्हणाला. एका शनिवारी पहाटे बाबांना गाडीत घातलं आणि निघालो. पानिपत आलं तेव्हा ते सरळ होऊन बसले. आपल्या माणसाचं असंच होतं. पानिपत म्हटलं की आपण स्वतः तिथे काहीतरी हरवून आलोय असं वाटतं, आणि बाहेर बघावं तर चादरींची आणि सोफ्याच्या कापडाची दुकानं. बाबा म्हणाले, 'एवढंच?' आणि पुन्हा मागे टेकले.

नदीवर पोचलो. पाणी स्वच्छ, तळाचे गोटे दिसतायत, आणि वळणावर एक काळाभोर डोह. बाबांनी वाकून ओंजळभर पाणी घेतलं, हुंगलं, जिभेला लावलं आणि म्हणाले, 'गोडं आहे. पण चालेल.' परतताना ते पानिपतपासून थेट दिल्लीतल्या आश्रम चौकाच्या सिग्नलपर्यंत बोलत होते. भरतीला कुठला मासा कुठल्या बाजूने येतो, त्यांच्या आजोबांनी कसा एकदा होडीतच संसार मांडला होता, सगळं. मी ट्रॅफिकला शिव्या द्यायचं विसरलो. त्या दिवसापासून महिन्यातले दोन शनिवार त्या खडकाचे झाले.

तयारी शुक्रवारीच सुरू व्हायची. कणीक चपातीच्या कणकेपेक्षा घट्ट मळायची, तिच्यात हिंग, शेंगदाण्याची पेंड आणि भाजलेल्या सुकटीची पूड. तो वास सुटला की माझी मुलगी नाक धरून खोलीत पळायची. 'आजोबा, यक्!' एकदा तिने विचारलं, 'तंगूस म्हणजे?' अगं, मासे धरायचा नायलॉनचा दोरा. तिच्या लेखी ते सगळं 'वायर'. बाबांची काठी साधी वेळूची, रीळबीळ काही नाही. तंगुसाला मोरपिसाच्या दांड्याचा बोटभर तुकडा बांधलेला, तो पाण्यावर उभा राहतो आणि मासा ओढायला लागला की बुडतो. त्या तुकड्याकडे बघत माझा बाप चार चार तास हलत नसे. याला ते 'गरवणं' म्हणतात.

मिळायचं काय? दोन रोहू, एखादा मृगल, कधी मिशा असलेली शिंगटी. बायको तिरफळं घालून कालवण करायची. त्या रविवारी बाबा दोनदा भात घ्यायचे.

कधीमधी महसीर लागायचा. सोनेरी खवल्यांचा, अंगात रग असलेला मासा. तो लागला की बाबांचा चेहराच बदलायचा. हात ओले करायचे, माशाला पाण्याबाहेर काढायचेच नाहीत. वाकून पाण्यातच गळ सोडवायचे, दोन्ही हातांनी त्याला प्रवाहाकडे तोंड करून धरायचे, त्याला दम आला आणि तो गेला की हात जोडायचे. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला देवळाचा डोह आहे. त्यात हेच मासे, देवाचे मासे. त्यांना धरायचं नसतं, कुरमुरे घालायचे असतात. 'हा आपला नाही,' बाबा म्हणायचे आणि गळाला पुन्हा कणीक लावायचे. हे त्यांना कुठल्या क्लबने शिकवलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

गेल्या वर्षी होळीच्या आधी आम्ही पोचलो तर डोहभर पांढरं पांढरं तरंगत होतं. पोटं वर झालेली पिल्लं. बोटाएवढी, वितीएवढी, शेकड्यांनी. आदल्या दिवशी कुणीतरी सुरुंगाची दारू टाकून मोठे मासे नेले होते आणि बाकीचं तसंच सोडून दिलं होतं. बाबांनी एक पिल्लू तळहातावर घेतलं.  'खाणारा माणूस असं करत नाही,' ते म्हणाले. 'अरे, तू सरकारात आहेस ना? काहीतरी कर की!'

केलं. केलं ना मी!

दिल्लीतल्या मराठी मंडळींत एक गृहस्थ ओळखीचे होते. मूळचे पुण्याचे, गुडगावला एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. महसीर धरायचा त्यांना भारी शौक. त्यांचा एक क्लब होता आणि हे त्याचे अध्यक्ष. सुरुंगाची गोष्ट सांगायला मीच त्यांना फोन केला. ते म्हणाले, 'सर, भेटूच या.' कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनाच्या कॅन्टीनमध्ये भेटलो. थालीपीठ मागवलं. खातं तो नदीचा पट्टा क्लबला चालवायला द्यायला तयार आहे, चौकीदार ठेवू, दारू आणि जाळी बंद करू, असं सगळं ते सांगत होते, आणि मी मान डोलावत होतो.

'फक्त नियमावली द्या म्हणतायत, सर. आणि ती तुमच्यासारखी कोण लिहिणार?'

इथेच मी फुगलो. बेडकासारखा.

मग त्यांनी फोनवर फोटो दाखवले. हातात महसीर, अंगात चौदा खिशांचं जाकीट. 'सर, मासेमारी दोन प्रकारची. एक गेम फिशिंग, म्हणजे आम्ही करतो ते. कृत्रिम आमिष, कॅच अँड रिलीज, प्युअर स्पोर्ट. दुसरं कोर्स फिशिंग. कणीक लावायची, बसायचं, मिळेल ते घरी न्यायचं. यार, नदीची वाट त्यानेच लागते.' म्हणजे माशांतही यांनी श्रेणी पाडल्या होत्या. महसीर राजपत्रित अधिकारी, आणि रोहू, मृगल, शिंगटी चतुर्थ श्रेणी. हे मी माझ्या या दोन कानांनी ऐकलं. ऐकलं आणि थालीपिठावर लोणी पसरलं.

घरी येऊन तीन संध्याकाळी बसलो. डोळ्यांसमोर ती पांढरी पोटं होती, त्यामुळे हात जोरात चालला. चौथा नियम माझा आवडता. मराठीत सांगायचं तर असा: नोंदणीकृत सदस्याने काठी, रीळ व कृत्रिम आमिष वापरून केलेल्या मासेमारीखेरीज, कोणत्याही व्यक्तीने, कोणत्याही साधनाने, कोणताही मासा धरू नये अथवा धरण्याचा प्रयत्न करू नये. सुरुंग आला, जाळं आलं, विष आलं, उद्या कुणी नवीन काही काढलं तर तेही आलं. भोक नाही. आणि नववा नियम, तो तर अध्यक्षांनी मागितलाही नव्हता. कोणत्याही वैयक्तिक कारणास्तव या नियमांतून सूट दिली जाणार नाही. दिल्लीत उठल्यासुटल्या जो तो 'तू जानता नहीं मैं कौन हूँ' करत असतो. कुणाचा मेहुणा, कुणाचा साहेब. या सिफारशींचा मला मनस्वी तिटकारा. म्हटलं, घ्या!

मग बाबांचा विचार आला नाही का? हे बायकोने नंतर विचारलं, आणि तेही पोळी लाटता लाटता, माझ्याकडे न बघता. खरं उत्तर असं की, नाही आला. त्या कागदात मी तीनदा 'कोणत्याही व्यक्तीने' लिहिलं आणि तिन्ही वेळा ती व्यक्ती दुसरीच कुणीतरी होती. सत्तावीस वर्षं असंच लिहितोय मी. आपले बाबा कशाला कोणतीही व्यक्ती असतील? ते बाबा आहेत.

पावसाळा संपला, पाणी निवळलं. ऑक्टोबरात पहिल्या शनिवारी आम्ही गेलो. बाबा गाडीत बुटांच्या नाड्या बांधत होते म्हणून मी पुढे झालो, आणि समोर तो बोर्ड. सगळ्यात आधी काय वाटलं सांगू? छान दिसतंय, असं वाटलं. लाज वाटते लिहायला, पण वाटलं. तेवढ्यात चौकीदार आला. हा तिथल्याच गावचा माणूस, पूर्वी स्वतः बाबांच्या शेजारी दोरी टाकून बसायचा. आता क्लबने त्याला खाकी शर्ट आणि शिट्टी दिली होती.

'बाबूजी, ताऊ को मत लाओ,' तो हळूच म्हणाला. 'आटे वाला काम बंद है. ऊपर से लिख के आया है.'

ऊपर से! तो ऊपरवाला त्याच्यासमोर टी-शर्ट घालून उभा होता.

मी गाडीकडे परत गेलो. बाबा डबा हातात घेऊन उतरत होते. मी म्हटलं, 'बाबा, आज नको. वरून पाणी सोडणार आहेत म्हणे.' त्यांनी आभाळाकडे बघितलं, नदीकडे बघितलं. 'या दिवसांत कसलं पाणी सोडतात?' मी म्हटलं, 'सरकारी काम आहे, बाबा.' हे त्यांना पटलं. चाळीस वर्षं सरकारात काढलेला माणूस, त्याला हे कारण कधीही पटतं.

मग एकामागोमाग खोटं. गाडी सर्व्हिसिंगला आहे. ऑफिसात मीटिंग आहे. दिवाळीनंतर तर दिल्लीच्या हवेनेच मला साथ दिली: डॉक्टर म्हणतायत बाहेर पडू नका. ती हवा घराघरांत माणसं खोकवत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, राहू दे अजून पंधरा दिवस. बाबा मात्र एक शुक्रवार आड कणीक मळायचे. सोमवारी बायको ती गुपचूप कचऱ्यात टाकायची. ते पुन्हा खुर्चीत बसायला लागले होते. पुन्हा 'बसलो'.

'सांगून टाका त्यांना,' बायको म्हणाली. 'नाहीतर मी सांगते.'

'थांब, मी करतो काहीतरी.'

काहीतरी म्हणजे काय, तर मी अर्ज लिहिला. क्लबच्या अध्यक्षांना, रीतसर. एकोणऐंशी वर्षांचे ज्येष्ठ नागरिक, साधी काठी, महिन्यातून दोन दिवस, सोबत मी स्वतः हजर राहीन. आयुष्यात पहिल्यांदा कुणासाठी तरी सूट मागितली. उत्तर आलं नाही म्हणून त्यांच्या ऑफिसात गेलो. गुडगाव, चौदावा मजला, काचेपलीकडे धूर.

'सर, काय हे,' अध्यक्ष हसत म्हणाले. 'रूल नाइन. तुमचाच आहे.'

'माझाच आहे, म्हणून तर सांगतोय. तो दारू टाकणाऱ्यांसाठी होता हो!'

'बिल्कुल. पण आता एकाला सोडलं तर गावातले सगळे येतील. तेही कणीकवालेच. तुम्हीच म्हणाला होतात, भोक ठेवायचं नाही.' मग त्यांना एकदम औदार्याचा झटका आला. 'असं करा ना, काकांना गेस्ट म्हणून आणा. आम्ही त्यांना प्रॉपर कास्टिंग शिकवू. वी विल टीच हिम.'

माझ्या बापाला! जो माणूस वयाच्या सातव्या वर्षापासून खाडीत उभा आहे, त्याला हा चौदा खिशांचा शहाणा मासे धरायला शिकवणार! माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. 'तुमच्या हौसेला नदी लागते आणि आमच्या भुकेची तुम्हाला लाज वाटते होय?' असं काहीतरी म्हटलं, आणि टेबलावर हात आपटला. बाहेरच्या मुली माना वर करून बघायला लागल्या. अध्यक्षांनी मला पाणी विचारलं. मी ते प्यायलो आणि लिफ्टने खाली आलो. दुसरं काय करणार? कागद त्यांच्या हातात होता, आणि तो कोर्टातही तुटला नसता.

फेब्रुवारीत बाबा एका सकाळी म्हणाले, 'आज हवा स्वच्छ आहे. गाडी पण ठीक दिसते. शनिवारी जायचं.' विचारलं नाही, सांगितलं. हेडक्लार्कचा आवाज. मी चौकीदाराला फोन लावला. ज्याने सिफारिश या शब्दावर जन्मभर थुंकायचं काम केलं तो मी फोनवर म्हणालो, 'भाई, ज़रा देख लेना, ताऊ के लिए.' तो बिचारा म्हणाला, 'ले आओ बाबूजी. सवेरे साहब लोग नहीं आते. पीछे वाले खेत से आना.'

मागच्या शेतातून गेलो. चोरासारखे. बाबांनी विचारलं, 'इकडून का?' मी म्हटलं, 'तिकडे चिखल आहे.' खडकावर पोचल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. कणीक लावली, गळ टाकला, मोरपीस पाण्यावर उभं राहिलं. एक तास माझे वडील मला परत मिळाले होते. तिरफळं संपत आली आहेत, गावाहून मागव, म्हणाले.

मग वरच्या बाजूने आवाज आले. अध्यक्ष आणि त्यांचे दोन मित्र. नेमके त्या दिवशी. त्यांनी आम्हाला पाहिलं नव्हतं, कारण त्यांच्या काठीला महसीर लागला होता आणि तिघे नाचत होते. चांगला मोठा मासा, हाताएवढा. अध्यक्षांनी तो पाण्याबाहेर काढला, छातीशी आडवा धरला. फोटो. मग गॉगल काढून फोटो. मग मित्राच्या हातात दिला, त्याचे फोटो. मासा तोंड उघडत मिटत होता. मग सेल्फी.

'अहो, पाण्यात सोडा त्याला आधी!' बाबा ओरडले. इतक्या मोठ्या आवाजात मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. 'मरेल तो! देवाचा मासा आहे!'

'काका, रिलॅक्स. रिलीजच करणार आहोत,' अध्यक्ष म्हणाले.

बाबा काठी टाकून पाण्यात उतरले. गुडघाभर पाणी, बर्फासारखं थंड, खाली गोटे. मी 'बाबा, अहो बाबा' करत मागे. त्यांनी त्या मित्राच्या हातातून मासा काढून घेतला, अक्षरशः हिसकावला, आणि पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून धरून उभे राहिले. बराच वेळ. मासा पुन्हा पुन्हा कुशीवर वळत होता. शेवटी गेला, पण तिरका गेला. बाबांनी हात जोडले नाहीत, नुसते त्याच्या दिशेने बघत राहिले.

अध्यक्षांचा चेहरा पडला होता. मित्रांसमोर शोभा झाली होती ना. त्यांची नजर खडकावरच्या काठीकडे गेली, डब्याकडे गेली, मग माझ्याकडे.  बाबांना म्हणाले, 'काका, तुम्ही कणकेवर मासे धरताय इथे. बोर्ड वाचलात का आधी?'

'कुठला बोर्ड?'

त्यांनी हात करून दाखवला. मी मध्ये जायला हवं होतं. 'बाबा, चला,' म्हणायला हवं होतं. 

बाबांनी खिशातून चष्मा काढला, पुसला. ओल्या पॅन्टने बोर्डासमोर उभे राहिले आणि पहिल्यापासून वाचायला लागले, प्रत्येक ओळीखाली बोट धरून, जसे फाइल वाचायचे तसे. चौथ्यावर थांबले. परत वाचला. नवव्यापर्यंत गेले, पुन्हा चौथ्यावर आले. मग चष्मा खाली करून माझ्याकडे वळले.

'तुझं आहे,' ते म्हणाले. 'ते व्हॉट्सोएव्हर तिथे घालायचं, हे मीच तुला तांबड्या पेन्सिलीने दाखवलं होतं.'

'हो,' मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा बोर्डाकडे बघितलं. 'चांगला ड्राफ्ट आहे. कुठे भोक नाही.'

टोमणा नव्हता हो तो. टोमणा असता तर मी सोसला असता. शाळेतल्या अर्जावर शेवटी 'ठीक' लिहायचे, तोच आवाज होता.

मग ते खडकावर गेले, तंगूस काठीला गुंडाळला, गळ बुचात खोचला. डबा उघडला आणि उरलेली कणीक चिमटीचिमटीने डोहात टाकली. पाणी ढवळून निघालं. आधी बारकी आली, मग रोहू, मग तळातून सोनेरी पाठी वर आल्या. सगळ्या श्रेणी एकाच पंगतीला. बाबा डबा रिकामा होईपर्यंत टाकत राहिले. चौकीदार शिट्टी तोंडात धरून उभा होता, पण वाजवली नाही.

'सर,' अध्यक्ष माझ्या कानाशी आले. आवाज पुन्हा गोड. 'हे फीडिंगचं आपल्याकडे राहूनच गेलंय. मासे असे पोट भरून बसले तर आमच्या आमिषाला कोण येणार? नेक्स्ट मीटिंगला एक लाइन टाकाल का? तुमच्या स्टाइलमध्ये.'

'खड्ड्यात जा,' मी म्हटलं. 'तू, तुझी मीटिंग आणि तुझं चौदा खिशांचं जाकीट. आणि लाइन माझ्या मढ्यावर लिहून घे.' हे चांगलं जोरात म्हटलं. पण वर्षभर उशिरा म्हटलं, आणि बोर्ड होता तिथेच होता.

परतताना बाबांनी गाडीत ओले बूट काढून ठेवले. मी हीटर लावला, त्यांच्या पायांवर माझं जाकीट टाकलं. दोनदा 'बाबा, मी' असं म्हणून पाहिलं आणि पुढचं काही सापडलं नाही. एवढी वर्षं लिहितोय, एक वाक्य सापडलं नाही. पानिपतची दुकानं सुरू झाली तेव्हा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, 'नियमाला भोक ठेवायचं नाही, हे मीच शिकवलं तुला.'

'बाबा, तुमचं काय त्यात? मीच मूर्ख.'

'नाही रे. कधीतरी कुणासाठी ठेवावं लागतं, ते शिकवायचं राहिलं. चुकलं माझं.'

काठी मागच्या सीटवर आडवी पडली होती आणि गाडीत सुकटीचा वास भरून राहिला होता. मी दात आवळले आणि स्टिअरिंगवर मूठ हाणली. हॉर्न ठणाणा वाजला. सिग्नलला शेजारी थांबलेला ट्रकवाला दचकला, खिडकीतून अर्धा बाहेर आला आणि मला आईबहिणीवरून शिव्या द्यायला लागला. मी काच खाली केली आणि सिग्नल सुटेपर्यंत सगळ्या ऐकून घेतल्या.